ब्लॅक स्पॉटसाठी दिल्लीला पत्र पाठवण्याआधी पंचनामे बघा

तुमच्या फाट्यावर तीन वर्षांत एवढे अपघात होऊनही 'रेकॉर्डप्रमाणे हा ब्लॅक स्पॉट (वारंवार गंभीर अपघात होणारी जागा) नाही' असं उत्तर आलं आणि आता तुम्ही दिल्लीच्या ट्रान्सपोर्ट रिसर्च विंगला पत्र लिहिताय, हे वाचून राहवलं नाही. मी हेच केलं होतं, दीड वर्ष त्यात गेलं.

ती विंग रस्ते वाहतूक मंत्रालयाची, काम आकडे गोळा करायचं. राज्यांचे पोलीस ठरलेल्या फॉर्ममध्ये पाठवतात ते एकत्र करून दरवर्षी अपघातांचा अहवाल काढतात, २०२२ चे देशातले १,६८,४९१ मृत्यू हा आकडा तिथलाच. फाटा बघायला तिथून कोणी येत नाही. खालून चुकीचं गेलं की वर तेच छापलं जातं.

माझी चूक म्हणजे पेपरची कात्रणं जोडत बसलो, पंचनामे बघितलेच नाहीत. शेवटी माहिती अधिकारात मागवले तर एकात 'गावच्या शिवारात', दुसऱ्यात 'पेट्रोल पंपाच्या पुढे', तिसऱ्यात किलोमीटरचा रकाना कोरा. नॅशनल हायवेला निकष ५०० मीटरच्या पट्ट्याचा आहे, ३ वर्षांत मृत्यू किंवा गंभीर जखमीवाले ५ अपघात नाहीतर १० मृत्यू. जागाच पक्की लिहिली नाही तर त्या पट्ट्यात बसणार काय? माझा चुलतभाऊ अपघातानंतर बाराव्या दिवशी दुसऱ्या जिल्ह्यातल्या दवाखान्यात वारला, नोंदीत तो अजून 'गंभीर जखमी'च. ३० दिवसांच्या आत माणूस गेला तर तो अपघातातला मृत्यू धरायचा असतो. ही नोंद दुरुस्त करायला गेलो तर ऑफिसात चार वेळा 'साहेब मीटिंगला', पाचव्या वेळी 'आकडे वर गेले, आता बदलत नाहीत'. पाच अपघातांच्या मोजणीत तो तसाही धरला गेला असता, मान्य, पण गेलेल्या पोराला कागदावर जखमी ठेवलंय हे काकूला कोणत्या तोंडाने सांगू?

मी वकील नाही, जिल्ह्याजिल्ह्यात पद्धत वेगळी असेल, पण माझं मत स्पष्ट आहे: आधी एफआयआर नंबरप्रमाणे प्रत्येक अपघाताची जागा स्वतः जाऊन पक्की करा, एका तक्त्यात मांडा आणि कलेक्टर अध्यक्ष असलेल्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला लेखी द्या, पोच घ्या. फोटोत किलोमीटरचा दगड आलाच पाहिजे. आता पोलीस आयरॅड या अपघात नोंदवायच्या सरकारी अ‍ॅपवर जागेवरूनच लोकेशन टाकतात, त्यामुळे नवीन नोंदी बऱ्या असतील, घोळ जुन्यांचा.

आणि फाटा दोन पोलीस ठाण्यांच्या हद्दीवर येतो का ते बघा. येत असेल तर दोन्हीकडे अर्ज टाका, आमचे दोन अपघात पलीकडच्या ठाण्यात सापडले.