रडणं थांबलं म्हणजे मूल रुळलं, असं समजू नका

तुमचा मुलगा १३ महिन्यांचा, पाळणाघरात तिसरा आठवडा. तिथल्या ताईंनी सांगितलंय, "त्याचं लक्ष खेळण्यात गेलं की तुम्ही हळूच निघत जा, निरोप घेतला की तो जास्त रडतो." आता तो तिथे रडत नाही म्हणे, पण घरी तुम्हाला बाथरूमलाही जाऊ देत नाही, रात्री दचकून उठतो. आणि तुम्ही विचारताय की हे रुळणंच आहे ना?

तुमची पोस्ट वाचताना पोटात कालवलं, कारण आमच्या मुलीचं अगदी असंच झालं होतं. सोडायला-आणायला मीच जायचो, त्यामुळे सगळं जवळून पाहिलंय. म्हणून जरा सविस्तर लिहितो. जागा स्वच्छ आहे का, दारं-जिने सुरक्षित आहेत का, किती मुलांमागे किती माणसं, हे तुम्ही पाहूनच प्रवेश घेतला असणार, त्यात शिरत नाही. मी डॉक्टर नाही, मानसशास्त्राचा अभ्यासकही नाही. एका मुलीचा बाप आहे आणि त्या काळात जे हाती लागेल ते वाचून काढलं, एवढंच. बाळाचं वजन घटत असेल, खाणं-पिणं तुटलं असेल किंवा घरीही ते गप्प-गप्प राहत असेल, तर माझं पुढचं सगळं बाजूला ठेवून आधी बालरोगतज्ज्ञांकडे जा.

आता मुद्द्याचं. हळूच निघून जाणं आजपासून बंद करा. निरोप घेतला की मूल रडतं हे खरं आहे, आणि ते रडणं ठीक आहे. साधारण आठव्या महिन्यापासून मुलाला कळायला लागतं की आई दिसत नसली तरी ती कुठेतरी आहे. पण ती कधी येणार, येणार की नाही, हे कळायची अक्कल यायला बराच वेळ असतो. म्हणून दहाव्या ते अठराव्या महिन्याच्या आसपास ताटातुटीची भीती सर्वांत जास्त असते. तुमचा मुलगा बरोब्बर त्या काळात आहे. अशा वेळी तो खेळण्याकडे वळला आणि मागे वळून पाहिलं तर आई गायब, असं रोज झालं तर तो काय शिकेल? खेळण्यात रमलं की आई जाते. मग तो नजर हटवेलच कशाला? घरी तो तुम्हाला चिकटून बसतो तो हट्ट नाही, पहारा आहे.

आम्ही ज्या पाळणाघरात मुलीला घातलं होतं तिथे हा नियमच होता. पालकांनी दाराच्या आत यायचं नाही, "बाकीची मुलं बिथरतात". दारातच मूल हातात द्यायचं, आणि मूल वळलं की निघायचं. आतल्या ताई दर आठवड्याला खोल्या बदलायच्या, म्हणजे एका चेहऱ्याची जरा ओळख होतेय तोवर दुसरा चेहरा. मी विचारलं, ती रडते तेव्हा तिला कोण घेतं? उत्तर मिळालं, "सगळ्याच असतात." हे "सगळ्याच असतात" मला अजून टोचतं. पंधरा-वीस लहान मुलांच्या खोलीत सगळ्याच असतात याचा अर्थ त्या एका मुलीसाठी कोणीच नसतं.

काही आठवड्यांनी आम्हाला अभिमानानं सांगण्यात आलं, "आता अजिबात रडत नाही हं, छान रुळली." आणि खरंच ती रडत नव्हती. पण ती पायातले बूट काढू द्यायची नाही. दिवसभर बूट घालून, आपली पिशवी मांडीवर घेऊन भिंतीशी बसलेली असायची, हे मला तिथल्याच एका ताईंनी नंतर हळूच सांगितलं. संध्याकाळी मी न्यायला गेलो की धावत यायची नाही, रडायचीही नाही. माझ्याकडे बघायची आणि नजर दुसरीकडे वळवायची. (एखाद-दुसऱ्या दिवशी असं झालं तर घाबरू नका, दमलेली मुलं असं करतात. आमच्याकडे ते रोजचं झालं होतं.) मी व्यवस्थापनाला पत्र लिहिलं, भेट मागितली. उत्तरात छापील नियमावली आली आणि तोंडी सांगणं आलं की मुलं पटकन रुळतात, पालकच हळवे असतात. त्या एका वाक्याचा राग मला आजही आहे. मूल तुमच्या ताब्यात दिलेल्या बापाला हळवा म्हणायचं आणि मुलीच्या पायातल्या बुटांकडे बघायचं नाही! आमचे कितीतरी महिने त्यात गेले, आणि पुढच्या ठिकाणी तिचा विश्वास पुन्हा पहिल्यापासून कमवावा लागला.

नंतर वाचताना कळलं की ही समजूत फार जुनी आहे. ब्रिटनमध्ये एकेकाळी रुग्णालयात दाखल केलेल्या लहान मुलांना आईबापांनी भेटण्यावर कडक बंधनं होती, कारण भेट झाली की मुलं रडतात. जेम्स रॉबर्टसन या समाजसेवकानं तिथली मुलं पाहिली आणि मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांच्याबरोबर १९५२ मध्ये मांडलं की मूल आधी आकांत करतं, मग खचतं, आणि मग तुटल्यासारखं वागायला लागतं. रडणं थांबलं की परिचारिका म्हणायच्या, रुळलं. खरं तर मुलानं आशा सोडलेली असायची. पुढे ब्रिटिश सरकारच्या १९५९ च्या प्लॅट अहवालानं आईबापांना मुलांना मोकळेपणी भेटू द्या अशी शिफारस केली. पाळणाघर म्हणजे रुग्णालय नव्हे, मूल रोज संध्याकाळी घरी येतं, त्यामुळे ही तुलना ताणू नका. पण "रडत नाही म्हणजे रुळलं" ही चूक तीच आहे.

याच रॉबर्टसननं त्याआधी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, बालमनोविश्लेषक ॲना फ्रॉइड यांच्या लंडनच्या हॅम्पस्टेड भागातल्या बालगृहांत काम केलं होतं. तिथे सुरुवातीला सगळ्या परिचारिका सगळ्या मुलांचं करायच्या. मग मुलांचे छोटे गट करून प्रत्येक गट एकेका परिचारिकेकडे सोपवला. मुलं बघता बघता आपापल्या परिचारिकेच्या मागे लागली, तिच्यावरून भांडायला लागली, ती गेली की रडायला लागली. वरवर पाहिलं तर घोळ वाढला. पण मुलांना माणूस मिळाला होता.

माझं सगळं म्हणणं यातच आलं. मूल जागेला रुळत नाही, खेळण्यांना रुळत नाही. तिथल्या एका माणसाचा त्याला लळा लागावा लागतो, आणि मग बाकीचं सगळं मागून येतं.

त्यामुळे पाळणाघराशी बोलताना "कसा होता?" असं विचारूच नका. "छान होता" एवढंच उत्तर येतं. विचारायचं ते असं: आज तो रडला तेव्हा कोणी घेतलं? किती वेळात शांत झाला? लंगोट कोणी बदलला? झोपताना जवळ कोण होतं? कुठल्या खेळण्याशी खेळला? तीन-चार दिवस सलग एकाच ताईंचं नाव येत असेल तर चांगलं लक्षण आहे. दर वेळी वेगळं नाव येत असेल किंवा कोणालाच आठवत नसेल, तर तुमची खरी अडचण तिथे आहे, मुलात नाही.

जर्मनीत १९८०च्या दशकात तयार झालेली एक पद्धत आहे, तिला बर्लिन पद्धत म्हणतात. तिच्यात पहिले तीन दिवस आई किंवा बाबा मुलाबरोबर साधारण तासभर खोलीत बसतात आणि मुलाला घेऊनच परत जातात. वेगळं करण्याचा प्रयत्नच नाही. पालकानं एका कोपऱ्यात बसायचं, मुलाशी खेळायचं नाही, पण मूल आलं की जवळ घ्यायचं. त्या वेळात ठरलेल्या एकाच ताई मुलाशी ओळख वाढवतात. चौथ्या दिवशी निरोप घेऊन पालक थोड्या वेळासाठी बाहेर जातो, फार तर अर्धा तास, आणि आवारातच थांबतो. चौथा दिवस सोमवार असला तर एक दिवस पुढे ढकलतात, कारण सुटीनंतर मूल पुन्हा बुजलेलं असतं. मूल रडलं तरी ताईंच्या कडेवर शांत झालं तर पुढच्या दिवसांत वेळ वाढवत नेतात. शांत होत नसेल तर दोन-तीन मिनिटांत पालकाला परत बोलावतात आणि पुढचा प्रयत्न काही दिवसांनी करतात. मला यातली कसोटी सगळ्यात आवडते. निरोपाच्या वेळी मूल रडलं तरी हरकत नाही, नंतर ते त्या ताईंकडून समजूत घालून घेतं का, एवढंच पाहायचं.

हे लाड नाहीत. १५ महिन्यांच्या ७० मुलांचा एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला, लिझेलोट्टे आनर्ट आणि सहकाऱ्यांचा. मुलांच्या लाळेत ताणाचं संप्रेरक, म्हणजे कॉर्टिसोल, मोजलं. आई निघून गेल्यावर पहिल्या तासात ते घरच्यापेक्षा ७५ ते १०० टक्क्यांनी वाढलेलं होतं. आणि ज्या आयांनी मुलाबरोबर थांबून सवय करून द्यायला जास्त दिवस दिले, त्यांच्या मुलांचं आईशी असलेलं नातं सुरक्षित राहिलं किंवा आधी नव्हतं तिथे तसं झालं. "आई थांबली की मूल बिघडतं" असं कोणी म्हणालं तर हे सांगा.

तुम्हाला तिसरा आठवडा चालू आहे म्हणून आता उशीर झाला असं मानू नका. मागे जाता येतं. शक्य असेल तर काही दिवस रजा काढा, किंवा घरातलं दुसरं कोणी मोकळं असेल तर त्यांनी जावं, आणि पुन्हा तासाभरापासून सुरुवात करा. तुम्हा दोघांपैकी ज्याच्याशी निरोप घेताना तो कमी कोसळतो, त्यानं सोडावं. यात आईनंच सोडलं पाहिजे असं काही नाही. आमच्या दुसऱ्या पाळणाघरात आम्ही हेच केलं. तिथल्या ताई पहिल्या दिवशी मुलीला घ्यायला धावल्या नाहीत. जमिनीवर बसून स्वतःच ठोकळे रचत राहिल्या, तिच्याकडे बघितलंही नाही. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी मुलगी आपणहून एक ठोकळा त्यांच्याकडे सरकवून परत माझ्याकडे पळून आली. बूट त्यानंतर बऱ्याच दिवसांनी सुटले, आणि तेही त्याच ताईंनी सोडले.

निरोप कसा घ्यायचा यावर माझं मत ठाम आहे, पटलं तर घ्या. रोज तेच वाक्य, तीच कृती, आणि मग निघायचं. "मी जाते. झोपून उठलास की मी येते." घड्याळाची वेळ त्याला कळत नाही, झोपून उठणं कळतं. आणि जे सांगाल ते पाळा; झोपून उठल्यावर म्हणालात तर त्याच वेळी पोचा, वाहतुकीत अडकलात तर ताईंना फोन करून त्याला सांगायला लावा. निघाल्यावर खिडकीतून डोकावू नका, तुम्ही एकदा दिसलात की पुन्हा सगळं पहिल्यापासून. रडतोय म्हणून दारातून तीन वेळा परत येणंही टाळा. परत यायचं असेल तर नीट आत या, जवळ घ्या, बसा.

घरचं एखादं फडकं, तुमची जुनी ओढणी, ज्याला तुमचा वास आहे असं काहीतरी पिशवीत द्या, आणि ते लगेच धुऊ नका. डोनाल्ड विनिकॉट या इंग्रज बालरोगतज्ज्ञांनी १९५० च्या सुमारास अशा वस्तूंवर लिहिलंय. मूल आणि आई यांच्यामधला तो एक आधार असतो. काही पाळणाघरं "सगळ्यांची फडकी मिसळतात" म्हणून नकार देतात. नाव शिवून द्या आणि आग्रह धरा.

याच काळात दुसरं काही नवीन सुरू करू नका. अंगावरचं दूध तोडणं, शी-शूची सवय, वेगळ्या खोलीत झोपवणं, सगळं थांबवा. संध्याकाळी घरी आल्यावर तो आकांत करेल, क्षुल्लक कारणावरून लोळण घेईल. दिवसभर परक्यांत सांभाळून धरलेलं तो तुमच्यापाशी सोडतो. तेव्हा पाहुणे, बाजार, फोन काही नको, थोडा वेळ नुसतं त्याला घेऊन बसा. रात्रीचं दचकणं याच्याबरोबर हळूहळू कमी होतं, आमचं तरी झालं. आणि सर्दी-खोकला पहिलं वर्षभर पाठ सोडणार नाही, त्याची तयारी ठेवा. आजारपणानंतर किंवा मोठ्या सुटीनंतर चार दिवस मागे गेल्यासारखं वाटेल, तेव्हा पुन्हा कमी वेळापासून सुरू करा.

तुमच्या पोस्टखाली कोणीतरी लिहिलंय की इतक्या लहान मुलाला ठेवायलाच नको होतं. त्याकडे लक्ष देऊ नका. अमेरिकेत १९९१ मध्ये सुरू झालेल्या, १३०० हून अधिक मुलांना वर्षानुवर्षं पाहिलेल्या मोठ्या अभ्यासात निव्वळ पाळणाघरात ठेवल्यामुळे आईशी असलेलं नातं तुटत नाही, असंच दिसलं. आईबाप घरी मुलाला कसा प्रतिसाद देतात, याचं वजन जास्त होतं. तुम्ही तर त्याच्या झोपेतल्या दचकण्याचीही नोंद ठेवताय.

तुमच्या ताई वाईट आहेत असं मी म्हणत नाही. बहुतेक ठिकाणी त्यांना तसंच शिकवलेलं असतं आणि हाताखाली मुलंही जास्त असतात. आधी त्यांच्याशीच बोला: आत थोडा वेळ बसू द्याल का, आणि तुमच्यापैकी एक जण त्याच्यासाठी ठरवून द्याल का? या दोनच गोष्टी मागा. पहिलीला नकार आला तरी दुसरी मिळाली तर मी तिथेच राहीन. दोन्हींना नकार आला, वर पालकच हळवे असतात हे ऐकवलं, तर मी दुसरी जागा शोधायला लागेन, भरलेली अनामत बुडाली तरी.

तो तिथे कोणाच्या कडेवर आपणहून जातो का, तेवढं बघून इथे लिहा. त्यावरून पुढचं सांगता येईल.