1969 ची फिएट घ्यायला एफडी मोडू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, 1969 ची फिएट 1100 साडेचार लाखाला मिळतेय, आत कुणीतरी पूर्वी डिझेल इंजिन बसवलंय, वर दोन लाख घालून व्हिंटेज नंबर घ्यायचा, ऑफिसला पण न्यायची आणि चार वर्षांनी नफ्यात विकायची, त्यासाठी एफडी मोडू का.

या गाडीसाठी या भावात तरी मोडू नका.

जुलै 2021 मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम आणले. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी चालते, वयात तुमची फिएट आरामात बसते, पण गाडी मूळ रूपात पाहिजे, चासी बॉडी इंजिन यात मोठा बदल केलेला चालत नाही. म्हणजे डिझेल इंजिन आलं की व्हिंटेज गेलं. मालक मात्र भाव व्हिंटेजचा लावतोय, इथेच गोची आहे.

समजा मिळाला नंबर, तरी काय? फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, हे सोडा, मोठा खर्च नाही. पण व्हीए सिरीजची, म्हणजे व्हिंटेज नंबरची, गाडी रोज फिरवता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढंच. मग ऑफिसचं काय? त्यासाठी साधी आरसीच रिन्यू करावी लागणार, आणि आरसीवर पेट्रोल असताना आत परवानगीशिवाय डिझेल म्हणजे मोटर वाहन कायद्याचं कलम 52 मोडलं, दर बदलामागे 5,000 दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पोलिसांपेक्षा मला विम्याची काळजी वाटते, बदल कळवलेला नसेल तर अपघातानंतर क्लेम अडकू शकतो आणि तो खर्च तुमच्या सगळ्या बचतीवर येईल.

नफ्याचं पण ऐका. घरच्या वापरातली कार विकली की फायद्यावर सहसा टॅक्स नसतो म्हणून लोक खुश असतात, पण मुंबई उच्च न्यायालयात 1931 च्या फोर्ड टूररचं प्रकरण गेलं होतं, 1983 ला 20,000 ला घेतलेली, पुढे 21 लाखाला विकली, स्वतः वापरल्याचा पुरावा नव्हता म्हणून फायदा करपात्र ठरला. तेव्हा नुसती झाकून ठेवायची गाडी असेल तर टॅक्स धरूनच हिशोब करा, गॅरेज भाडं आणि सुट्या भागांची शोधाशोध वेगळीच.

एक शक्यता आहे. मूळ पेट्रोल इंजिन मालकाकडे पडून असेल आणि त्याचा नंबर आरसीशी जुळत असेल तर ते परत बसवायचा खर्च भावातून कापून घ्या, मग बोलणी करायला हरकत नाही, पण पैसे बोनसमधून काढा, एफडीला हात नको. टोकन द्यायच्या आधी आरसी मागा आणि चासी नंबर स्वतः टॉर्च लावून बघा, मालक टाळाटाळ करायला लागला तर सरळ दुसरी फिएट शोधा.