रेंजफाइंडरसाठी पहिली लेन्स? जुन्या धाटणीचीच घे

रेंजफाइंडर म्हणजे लेन्समधून नाही तर वेगळ्या खिडकीतून बघून फोकस जुळवायचा कॅमेरा. त्याची पहिली लेन्स घेताना शार्पनेसचे चार्ट बघत बसू नकोस, ते पुढे कधीही बघता येतील. माझं ऐकशील तर झाइसची सी सोनार ५० एमएम एफ १.५ घे. मूळ डिझाइन लुडविग बेर्टेलेचं, १९३० च्या दशकातलं, काचेवरचं कोटिंग मात्र आजचं, त्यामुळे अ‍ॅपर्चर (प्रकाश आत सोडणारं छिद्र) पूर्ण उघडं, म्हणजे एफ १.५ ला ठेवलं की त्वचा मऊ येते, मागचं सगळं विरघळल्यासारखं होतं आणि तरी रंग फिके पडत नाहीत, फार देखणी लेन्स आहे ही!

एक गोष्ट मात्र आधीच समजून घे, हिला फोकस शिफ्ट आहे. म्हणजे एफ १.५ ला जुळवलेली असेल तर २.८ ला फोकस जरा मागे सरकतो आणि रेंजफाइंडरमध्ये आपण लेन्समधून बघतच नसतो ना, मग पॅच (खिडकीतला फोकस जुळवायचा छोटा चौकोन) बरोब्बर जुळलेला दिसतो पण डोळ्याऐवजी कान शार्प येतो. म्हणून आल्या आल्या जवळून, साधारण मीटरभरावरून, स्केल तिरकी ठेवून प्रत्येक अ‍ॅपर्चरला एकेक फोटो काढ, लगेच कळेल किती पुढेमागे व्हायचं ते.

आणि ब्लॅक अँड व्हाइटच करणार असशील तर फोक्टलेंडरची नोक्टॉन क्लासिक बघ, त्यातली सिंगल कोटिंगवाली, म्हणजे कोटिंगचा एकच थर असलेली, सावल्या छान उघडतात तिच्यात, म्हणजे अंधाऱ्या भागातलंही दिसतं.