गोंधळलेल्या वृद्ध पेशंटविषयी मुलांना काय शिकवावं

प्रश्न असा आहे : सांगली-मिरजेकडच्या मेडिसिन वॉर्डात डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना स्मृतिभ्रंशाचे पेशंट कसे शिकवायचे, आणि सुरुवात एमएमएसईने, म्हणजे स्मरण-आकलनाच्या ठरीव प्रश्नावलीने, करावी का?

माझं स्पष्ट मत, करू नये. ३० गुणांचा तो कागद हातात आला की मुलं आकडा लिहून मोकळी होतात. त्यात वाचन, लेखन, हिशेब आहे; शाळेत न गेलेल्या आजींचे गुण तिथेच जातात.

आधी एकच प्रश्न पक्का करून घ्या : हा गोंधळ कधीपासूनचा? महिने-वर्षं हळूहळू वाढलेला असेल तर डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा विचार. दोन-चार दिवसांतला असेल तर तो डेलिरियम, म्हणजे आजारामुळे किंवा औषधामुळे अचानक आलेला गोंधळ, धरायचा आणि त्याच दिवशी कारण शोधायचं. डिमेन्शिया असलेल्यालाही डेलिरियम होतो, आणि नेमका तोच नजरेतून सुटतो. बडबड करणारा पेशंट सगळ्यांना दिसतो. गप्प पडून राहणाऱ्याला "शांत आहे" म्हणून पुढे जातात.

खाटेजवळ एका वेळी दोनच मुलं. चष्मा, कानाचं यंत्र लावलेलं आहे ना, ते बघायचं. घरी आबा म्हणतात की अण्णा, ते विचारून तीच हाक मारायची. स्टुलावर बसून, डोळ्यांच्या पातळीवर येऊन, एका वेळी एकच वाक्य. मग "रविवारपासून उलटे वार सांगा" म्हणायचं आणि गप्प बसायचं. इथे मुलांना दम धरवत नाही. तीन सेकंदांत स्वतःच "शनिवार" सांगून टाकतात. दहा सेकंद थांबायला लावा. पेशंट शुक्रवारपाशी अडकून सुलटे वार म्हणू लागला, किंवा काय विचारलं तेच विसरला, तर लक्ष टिकत नाही, असं नोंदवायचं. जत तालुक्याच्या कन्नड बोलणाऱ्या पूर्व भागातल्या पेशंटला कन्नडमध्येच विचारा. मराठीत विचारून "डिसओरिएंटेड" (स्थळ-काळाचं भान नाही) लिहिणं चूक आहे. आणि दुभाषा नातेवाईक उत्तर पुरवत नाही ना, तिकडे लक्ष हवं.

माहिती सुनेकडून, मुलीकडून घ्यायची, पण पेशंटच्या डोक्यावरून नाही. "विसरतात का?" असं विचारलं तर "वय झालं की चालायचंच" एवढंच मिळतं. त्यापेक्षा विचारा : गेल्या दिवाळीत डेअरीचं बिल कोण बघत होतं? शेतावर एकटे जाऊन परत येत होते का?

मग गोळ्यांची पिशवी खाटेवर रिकामी करायला लावा. सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामाइन, नैराश्यावरचं अमिट्रिप्टिलिन, कंपवातावरचं ट्रायहेक्सिफेनिडिल यांनी गोंधळ वाढतो. पोटावर हात ठेवून तुंबलेली लघवी बघायची, शौच कधी झालं ते विचारायचं. रक्तातलं सोडियम, साखर, ऑक्सिजन, जंतुसंसर्ग तपासायचे. हात बांधले की तडफड वाढते. ओळखीचं माणूस जवळ बसवणं जास्त उपयोगी.

केसपेपरवर "पेशंट सहकार्य करत नाही" हे वाक्य खपवून घेऊ नका. काय विचारलं आणि पेशंटने काय केलं, तेच लिहायचं. सकाळी ज्याने पेशंट पाहिला त्यालाच संध्याकाळी पुन्हा पाठवा. डेलिरियम दिवसात कमीजास्त होतो, सकाळच्या एका राउंडमध्ये तो सापडेलच असं नाही.