उद्धार, उधार आणि तारण

मिरजेच्या एका ख्रिस्ती मंडळीतल्या तरुण संघाचा प्रश्न आहे. लॅटिन अमेरिकेतल्या ‘लिबरेशन थिऑलॉजी’वर, म्हणजे गरिबांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या ख्रिस्ती विचारावर, त्यांना अभ्यासवर्ग घ्यायचा आहे. फलकावर मराठीत काय लिहावे? काहींना ‘दीनोद्धाराचे धर्मशास्त्र’ हवे आहे, काहींना ‘मुक्तीचे ईश्वरशास्त्र’. पण मुक्ती म्हटले की लोकांना मोक्ष आठवेल, अशी दुसऱ्या गटालाच धास्ती आहे.

‘मुक्तीचे ईश्वरशास्त्र’ लिहा. धास्तीचे पुढे बघू. आधी त्या ‘दीनोद्धारा’चा समाचार घेणे भाग आहे, कारण सांगली-साताऱ्यात कुठल्याही जयंतीला हा शब्द चौकाचौकात टांगलेला असतो, आणि तोही बहुतेक वेळा ‘उध्दार’ असा. द् आधी, ध नंतर. बुद्ध, शुद्ध, सिद्ध यांचेही तेच. छपाईवाल्याला हे एकदा नीट लिहून द्या.

‘धर्मशास्त्र’ही इथे नको. आपल्याकडे धर्मशास्त्र म्हणजे वारसा, दत्तक, ऋण, प्रायश्चित्त यांचे नियम सांगणारे शास्त्र. पां. वा. काणे यांनी ज्याचा खंडोखंडी इतिहास लिहिला ते हेच. देवाविषयीच्या विचाराला ईश्वरशास्त्र हा शब्द पुरेसा आहे. आणि नेमक्या याच धर्मशास्त्रात ‘उद्धार’ हा ठरीव अर्थाचा शब्द आहे, हे फलक रंगवणाऱ्या कुणाच्याही ध्यानीमनी नसते.

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात भावांच्या वाटणीचा विषय आहे. तिथे ‘ज्येष्ठस्य विंश उद्धारः’ असे वचन येते. वाटण्या होण्याआधी थोरल्याने एकूण मालमत्तेचा विसावा भाग आणि चीजवस्तूंतली सगळ्यांत उत्तम वस्तू बाजूला काढून घ्यावी. मधल्याला त्याच्या निम्मे, धाकट्याला चौथाई. हे जे वरचे वर काढून घ्यायचे, त्याचे नाव उद्धार. म्हणजे ‘उद्धाराचे धर्मशास्त्र’ या शब्दांचा जुन्या पंडिताला कळणारा अर्थ ‘थोरल्याच्या जादा हिश्शाचा कायदा’ असा होईल. गरिबांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या विचाराला हे नाव द्यायचे?

शब्दाची फोड केली की सगळे उलगडते. उद् + हृ. हरण, आहार, प्रहार, संहार यांतला जो हृ, तोच हा. ‘उद्’मधल्या द् पुढे ह आला की ‘द्ध’ होतो, जसे तत् + हित = तद्धित. काही पंडित इथे धृ, म्हणजे धरणे, असा धातू मानतात. धृ मानला तर मनूचा जादा हिस्सा कुठून काढायचा? थोरला तो धरून ठेवत नाही, ढिगातून उचलून नेतो. माझ्या मते हृ हाच खरा. उद्धारात कोणीतरी वर असतो, कोणीतरी खाली, आणि काय उचलायचे ते वरचा ठरवतो.

पुढची पायरी मला सर्वांत प्रिय. अमरकोशाच्या वैश्यवर्गात ऋणाचे पर्याय दिले आहेत, त्यांत ‘उद्धार’ आहे. एकाच्या ढिगातून उचलून दुसऱ्याच्या हातावर ठेवलेले धन, जे परत करायचे आहे, ते उद्धार. उत्ताराचा जसा उतार झाला तसा या उद्धाराचा झाला उधार. ‘आज रोख, उद्या उधार’ या पाटीवरचा उधार तो हाच. उधार हा शब्द फारसीतून आला असे छातीठोक सांगणारे लोक मला दर काही महिन्यांनी भेटतात. त्यांना एकच विचारावे: फारसीत ‘ध’ हा वर्ण कुठे आहे? ज्या भाषेत तो उच्चारच नाही, तिने तो आपल्याला द्यावा कसा? बाजारातला प्रत्येक शब्द मुसलमानी अमलातून आला असे धरून चालणे हा अभ्यास नव्हे.

गीतेचे अभ्यासक इथे ‘उद्धरेदात्मनात्मानं’ पुढे करतील. जरूर करावे. तिथे उद्धरणारा आणि उद्धरला जाणारा एकच आहे, आपणच आपल्याला वर काढायचे आहे. त्या अर्थाने कोणी उद्धार म्हणत असेल तर माझी तक्रार नाही. फलकावर मात्र उद्धारकाचे छायाचित्र पुरुषभर असते आणि ज्यांचा उद्धार झाला त्यांचे नावही नसते.

मुक्तीच्या ईश्वरशास्त्राचे सगळे भांडण याच गोष्टीशी आहे. पेरू देशातल्या लिमा शहरात गरीब वस्तीत काम करणारे धर्मगुरू गुस्ताव्हो गुतिएरेझ यांनी १९६८ साली चिंबोते इथे या विषयावर पहिले व्याख्यान दिले, १९७१ साली ग्रंथ काढला. तेव्हा श्रीमंत देश आणि सरकारे ‘विकास’ हा शब्द जपत होती. गुतिएरेझ म्हणाले, विकास नको, मुक्ती म्हणा. विकासाची भाषा गरिबीची कारणे झाकते. त्याच १९६८ साली कोलंबियातल्या मेदेयीन शहरी लॅटिन अमेरिकेचे बिशप जमले आणि दारिद्र्य हा दैवाचा खेळ नसून अन्यायाची रचना आहे, असे त्यांनी लिहून ठेवले. खेड्यापाड्यांत, झोपडपट्ट्यांत लोक लहान लहान गटांनी बसून बायबल वाचू लागले, आपली मजुरी, आपली जमीन, आपले पाणी समोर ठेवून. एल साल्वादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो लष्कराच्या अत्याचारांविरुद्ध बोलत राहिले, म्हणून २४ मार्च १९८० रोजी उपासना चालू असताना त्यांना गोळी घातली गेली. १९८४ साली रोमने, म्हणजे कॅथलिक धर्मपीठाने, या विचारावर मार्क्सवादाची उसनवारी केल्याचा ठपका ठेवला. आणि त्याच रोमने २०१८ साली रोमेरोंना संत म्हणून जाहीर केले. आपल्याकडे अरविंद निर्मल यांनी १९८१ पासून बंगळूरमध्ये दलित ख्रिस्ती ईश्वरशास्त्राची मांडणी सुरू केली. अभ्यासवर्गात त्यांना वगळू नका.

मंडळीतल्या ज्येष्ठांना कदाचित ‘तारण’ हा शब्द सुचेल. उपासनेत तोच रुळलेला आहे. त्यावर थोडे थांबू, कारण तारणाची गोष्ट उधारीइतकीच थक्क करणारी आहे. तारणे म्हणजे पाण्यातून पार नेणे. पण मिरजेहून सांगलीकडे निघालात की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हाच शब्द दिसेल: सोने तारण कर्ज. मार्केट यार्डात हळद तारण ठेवतात. हे दोन शब्द योगायोगाने सारखे झालेले नाहीत, शब्द एकच आहे. कर्ज ‘बुडते’, ‘बुडीत’ खात्यात जाते. ते ज्याच्यामुळे तरते, ते तारण. चर्चमध्ये बुडणारा माणूस तरतो, पतसंस्थेत सावकाराचा पैसा तरतो. मार्काच्या शुभवर्तमानात येशू पुष्कळांसाठी आपला जीव ‘खंडणी’ म्हणून देतो. मूळ ग्रीक शब्दही गुलाम किंवा कैदी सोडवण्यासाठी मोजलेल्या पैशांचा आहे. आणि दर रविवारी तुम्ही म्हणता त्या प्रार्थनेत काय आहे? ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.’

माझे ठाम मत असे की सुटकेचे शब्द हिशेबाच्या वहीतून जातात, कारण कष्टकऱ्याला बांधणारी पहिली दोरी कर्जाची असते. पॅलेस्टाईनमध्ये तशी होती, म्हणून तर लेवीयाच्या पुस्तकात पन्नासाव्या वर्षी जमिनी मूळ कुळांना परत करून दासांना सोडण्याची आज्ञा आहे. साताऱ्यातही तशीच होती. सावकारी पाशातून कुणब्याला वाचवण्यासाठी इंग्रज सरकारने १८७९ साली दख्खनसाठी खास कायदा केला, तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांसाठी. भाषाशास्त्रज्ञ मला म्हणतात, हे समाजशास्त्र झाले, व्युत्पत्ती नव्हे. ज्या शब्दाला जमीन गहाण पडल्याचा वास येतो त्याची व्युत्पत्ती जमिनीला वगळून कशी सांगायची, हे त्यांनी मला समजावून सांगावे.

तर मुक्ती. मोक्षाशी गोंधळ होईल ही भीती मराठीने कधीच मागे टाकली आहे. मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणणाऱ्या पंडिता रमाबाईंनी दुष्काळात सापडलेल्या मुलींना केडगावी आसरा दिला आणि त्या जागेला नाव दिले ‘मुक्ती’. त्यांना तारण, उद्धार हे शब्द ठाऊक नव्हते थोडेच! भुकेपासून, वैधव्याच्या छळापासून आणि पापापासूनची सुटका त्यांना एकाच शब्दात हवी होती. साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी ज्यांचे नाव दाखल झाले त्या बाबासाहेबांनी मे १९३६ मध्ये मुंबईच्या महार परिषदेत धर्मांतरावर भाषण केले, ते ‘मुक्ती कोन पथे?’ या नावाने प्रसिद्ध आहे. त्याचा शेवट बुद्धाच्या ‘स्वयंप्रकाशित व्हा’ या उपदेशाने होतो. तिथे उद्धारकाला जागाच नाही. कटगुण ज्यांचे मूळ गाव त्या जोतीरावांनी तर १८७३ सालीच सत्यशोधक समाज काढून निर्मिक, म्हणजे सृष्टिकर्ता, आणि माणूस यांच्यामधला दलाल हटवला होता.

वाळवा तालुक्यातल्या कासेगावात जाऊन विचारा. भारत पाटणकरांच्या श्रमिक मुक्ती दलाने धरणग्रस्तांची आणि समान पाणीवाटपाची आंदोलने या भागात वर्षानुवर्षे चालवली. त्यांच्या मोर्चात चालणाऱ्या कुठल्याही बाईला मुक्ती म्हणजे जन्ममरणाचा फेरा चुकणे असे वाटले नाही. बडव्यांच्या विरोधात उभे राहिलेले आंदोलनही ‘विठ्ठल-रखुमाई मुक्ती’ या नावाने झाले, म्हणजे देवालाच सोडवायचे होते!

आणि सर्वांत पक्का पुरावा शेतकऱ्यांचा. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने ‘कर्जमाफी’ हा शब्द नाकारून ‘कर्जमुक्ती’ लावून धरला. माफी गुन्हेगाराला करतात, आम्ही गुन्हा केलेला नाही, हा त्यामागचा मुद्दा होता. तो इतका रुजला की २०१९ साली राज्य सरकारने योजना आणली तिचे नावही ‘महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना’. गुतिएरेझ ज्या अर्थाने लिबरेशन म्हणत होते तो अर्थ शिवारात पोचलेला आहे. तुमच्या वर्गाला येणाऱ्यांना तो समजावून सांगावा लागणार नाही.

उधारीबद्दल माझी एक मागणी आहे. तासगाव, वाळवा, खटाव या बाजूला ज्यांच्या घरी माळ्यावर जुन्या रोजकीर्दी आणि खतावण्या पडून असतील, त्यांनी त्या चाळाव्यात. मोडीत असल्या तरी चालतील. ‘उधार’ऐवजी ‘उद्धार’ असे लिहिलेले एखादे पान सापडले तर त्याचे छायाचित्र जरूर पाठवा, आणि वहीवरचा शक किंवा सन त्यात स्पष्ट दिसेल असे पाहा.