फिश मार्केट म्हणे!

चि. मुलीस, अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज काल रात्री वाचला. एमबीएच्या प्रवेशासाठी दिलेल्या कॅटचा निकाल चांगला लागला, तीन संस्थांकडून बोलावणं आलं, आनंद झाला. पण खालची ओळ वाचून हसू आवरेना. ‘मावशी, क्लासचे सर म्हणतात, जीडीत फिश मार्केट झालं तर गप्प बसायचं आणि जरा शांत झालं की घुसायचं.’ हर्णै बंदरावरच्या पोरीला फिश मार्केटची भीती घालतायत!

जीडी म्हणजे प्रवेशाची गटचर्चा; तिथे दहा जण एकदम ओरडायला लागले, कुणाचं कुणाला कळेनासं झालं, की क्लासवाले त्याला फिश मार्केट म्हणतात. हा शब्द काढणारा संध्याकाळी आपल्या बंदरावर उभा राहिलेला नसणार. तू राहिली आहेस. गलका असतो, मान्य. पण वाळूवर माल पडतो, बोली सुरू होते, तेव्हा भोवतीच्या कुठल्याही बाईला विचार, भाव कुठवर आलाय? अचूक सांगेल. शेवटची बोली कुणाची, कोण मागे सरला, कोण नुसता बघ्या आहे, सगळं तिला ठाऊक असतं. झालेल्या बोलीच्या खालची बोली कुणी लावत नाही. लावली तर हसं होईल. आणि बघता बघता माल कुणाचा ते ठरून जातं. इतकं नीट चाललेलं काम मी जीडीच्या खोलीत फार क्वचित पाहिलं.

मी स्वतः तर लिलावात उतरायच्या लायकीचीही नव्हते. १९९६ साली दापोलीहून रात्रीच्या एसटीने मुंबईला गेले. संस्थेचं नाव सांगत नाही, त्यांची काही चूक नव्हती. तीन मुद्दे पाठ करून गेले होते. इंग्रजीचं दडपण इतकं, की पहिली दहा मिनिटं मनातल्या मनात वाक्यच जुळवत बसले. शेवटी धीर करून पहिला मुद्दा मांडला. व्याकरणात एक चूक नव्हती. समोरचा मुलगा शांतपणे म्हणाला, ‘हे यांनी मघाशीच सांगितलं, आणि आपण ते सोडून पुढे गेलोय.’ तो मुद्दा माझ्याआधी दोघांनी मांडून झाला होता. वाक्य जुळवायच्या नादात मी ऐकलंच नव्हतं. भाव पाचशेवर गेलेला आणि मी तीनशेची बोली लावलेली! निकाल काय लागला ते तुला माहीतच आहे; पुढच्या वर्षी पुन्हा गेले.

पुढे बरीच वर्षं परीक्षक म्हणून टेबलाच्या पलीकडे बसले. तिथून जे दिसलं ते सांगते.

आधी तुझी तिन्ही पत्रकं नीट वाच. सगळीकडे जीडी असतेच असं नाही. बहुतेक आयआयएमनी २०१२च्या सुमारास जीडी काढून लेखी परीक्षा आणली. राज्याच्या सीईटीतून जे प्रवेश होतात तिथे मार्कांवरच काम भागतं. काही खासगी संस्थांनी जीडी ठेवली, काहींनी तिचं रूप बदललं. कुणी एखाद्या कंपनीची अडचण, म्हणजे ‘केस’, कागदावर देऊन गटाला तोडगा काढायला लावतं, कुणी चार-सहा जणांची एकत्र मुलाखत घेतं. परदेशातही हे आहे. अमेरिकेतल्या व्हार्टनमध्ये विषय आधीच कळवतात. पाच-सहा उमेदवार, ३५ मिनिटं, सुरुवातीला प्रत्येकाला एक-एक मिनिट, आणि शेवटी गटाने मिळून एक प्रस्ताव उभा करायचा. विषय हातात असूनही लोक तिथे अडखळतात, कारण घरून आणलेला स्वतःचा प्रस्ताव हातातून सुटत नाही.

एक साधा हिशेब कर. दहा जण, पंधरा मिनिटं. वाट्याला दीड मिनिट येतं. म्हणजे साडेतेरा मिनिटं तू ऐकणार आहेस, आणि आम्ही तेव्हाही तुझ्याकडे बघत असतो. पण क्लासमध्ये तयारी होते ती फक्त दीड मिनिटाची.

तर कागद घे. त्यावर गोल काढ आणि कोण कुठे बसलंय त्यांची नावं टाक. नाव लक्षात राहिलं नाही तर शर्टाचा रंग लिही. ज्याने नवीन काही आणलं त्याच्या नावापुढे दोन शब्द टिपून ठेव. पाच मिनिटांनी भाव कुठवर आलाय ते तुझ्या कागदावर दिसायला हवं. मग जे बोलशील ते त्याच्या पुढचं असेल. ‘खर्चाचा मुद्दा दोघांनी मांडला, त्यावर कुणाचं दुमत नाही, अडलंय ते वेळेवर,’ एवढं एक वाक्य बोललीस तरी गट जागचा हलतो. असं वाक्य ऐकलं की माझं पेन आपोआप कागदावर टेकायचं.

सर्वांत आधी तोंड उघडण्याचा हट्ट नको. पहिल्याला मार्क मिळतात ही अफवा आहे. दिशा देणाऱ्या पहिल्याला मिळतात, आणि कुणा थोर माणसाचं वचन म्हणून सुरुवात करणाऱ्याला काहीही मिळत नाही. दुसरी एक युक्ती क्लासमध्ये हमखास शिकवतात. कोपऱ्यातल्या गप्प मुलाकडे हात करून म्हणायचं, ‘तुम्ही काहीच बोलला नाहीत, सांगा ना.’ आव मोठेपणाचा, पण त्या बिचाऱ्याचं गप्प राहणं चारचौघांत उघडं पाडलं जातं. आम्हाला ते लगेच कळतं आणि रागही येतो. त्याने अर्धवट सोडलेलं वाक्य तुला आठवत असेल तर ते उचल: ‘तुम्ही गोदामाबद्दल काही म्हणत होतात, ते राहिलं.’ यासाठी आधी ऐकलेलं असावं लागतं, म्हणून हे सोंग आणता येत नाही.

आणि उलट टोकही नको. तुझा स्वभाव मला माहीत आहे, घरात मोठ्यांसमोर बोलायचं नाही या वळणात वाढलेली तू. शिमग्यात गाऱ्हाणं घालताना प्रत्येक वाक्याला सगळे मिळून ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात ना, तसं जीडीत करून चालत नाही. पटत नसेल तर कारण देऊन सांग, की हे मला पटत नाही. आवाज वाढवायची गरज नाही. मात्र तुझं म्हणणं खोडलं गेलं आणि ते खरंच चुकीचं होतं, तर ‘बरोबर, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं’ म्हणून मोकळी हो. अख्ख्या हंगामात हे वाक्य मी दोन-तीनदाच ऐकायचे.

आता माहितीबद्दल. पेपर रोज वाच, ते सांगायला मी नको. पण शहरातली मुलं जो मुद्दा पेपरात वाचून येतात तो तू दारात पाहिलेला असतो, आणि नेमका तोच तू गावंढळ म्हणून लपवशील अशी मला भीती आहे. ‘विकास की पर्यावरण’ हा घिसापिटा विषय आला तर नऊ जण हवेत बोलतील. तुला पर्ससीन माहीत आहे, मोठ्या जाळ्याने माशांचा अख्खा थवा वेढून पकडायचा तो प्रकार. २०१६च्या फेब्रुवारीत राज्याने पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले, पुढच्या वर्षी केंद्राने एलईडी दिव्यांनी मासे ओढून घेणाऱ्या मासेमारीवर बंदी आणली, आणि तरीही वाद का मिटत नाही हे तू घरात ऐकत मोठी झालीस. पारंपरिक मच्छीमाराची बाजू तर मांडच, पण पर्ससीनवाल्याच्या डोक्यावरचं बोटीचं कर्जही मांडता आलं पाहिजे. आपल्याच माणसांची बाजू घेऊन भांडलीस तर ती तक्रार होते.

किंवा निसर्ग वादळ घे. ३ जून २०२० ला नारळी-पोफळी आडव्या झाल्या तेव्हा तू शाळेत असशील. मदत हेक्टरी मोजायची की झाडागणिक, हा वाद तुला आठवतो का? आपल्या वाड्या गुंठ्यांतल्या. त्यांना हेक्टरी दर लावला की हातात काय उरतं, ते गणित मांडून दाखव. सरकारी योजनेवर केस आली तर हा एक प्रश्न चर्चेची दिशा बदलू शकतो: ‘मोजायचं एकक कोणतं?’ फक्त दर वेळी ‘आमच्या कोकणात’ म्हणून सुरुवात करू नकोस. एकदा पुरे.

सराव एकटीने आरशासमोर होत नाही. दापोलीत तुझ्याबरोबरीची पाच जणं गोळा कर, कृषी विद्यापीठातली दोघं-तिघं सहज येतील. पहिले चार दिवस मराठीत बोला. हसू नकोस! विचार जुळवणं आणि इंग्रजी जुळवणं ही दोन ओझी एकदम उचलली की माझं १९९६ होतं. मोबाइलवर रेकॉर्ड करा, आणि ऐकताना एवढंच मोजा, की कितीजण आधीच्याच्या वाक्याला धरून बोलले. पहिल्या दिवशी हा आकडा बघून लाज वाटेल.

चर्चा संपल्यावर खोलीबाहेर येऊन सुस्कारा टाकू नकोस. बऱ्याचदा लगेच मुलाखत असते आणि पहिलाच प्रश्न येतो, ‘काय ठरलं आत? कुणाचं बोलणं आवडलं?’ तिथे तो गोल काढलेला कागद डोळ्यांसमोर आण. प्रतिस्पर्ध्याचं नाव घेऊन मोकळेपणाने चांगलं बोल.

एखादी फेरी ऑनलाइन असेल तर घरून देऊ नकोस. आपल्याकडे वीज कधी जाईल त्याचा नेम नाही. माझ्या बहिणीकडे दापोलीत इन्व्हर्टर आहे, मागची खोली रिकामी आहे.

तारीख शिमग्यात आली म्हणून आई नाराज आहे, हे तू लिहिलं नाहीस तरी मला कळलं. पालखी घरी येईल तेव्हा लेक पुण्यात, हे तिला लागणारच. तिच्याशी मी बोलते. त्या दिवशी ओटी भरायला तुझ्या घरी येईन.

आणि रविवारी चारला बंदरावर ये. वही आण, मोबाइल घरी ठेव. एका मालाचा लिलाव सुरू झाल्यापासून सुटेपर्यंत कोण काय बोललं ते लिहून काढ, मग आपण तपासू. सुरमई बरी मिळाली तर तुझ्याच घरी जेवू, आईला सांगून ठेव.

तुझी,
मावशी