दाबोळी नक्की कोणाची, गोयंकारांची की नेव्हीची?

प्रश्न : माझा एक मडगावचा मित्र आहे, तो नेहमी म्हणतो की दाबोळी हा मुळात सिव्हिल विमानतळ, नेव्हीने गोवा मुक्तीनंतर घेतला आणि परत दिलाच नाही. मी म्हणतो तो पहिल्यापासून मिलिटरीचाच. खरं काय? आणि आता उत्तर गोव्यात मोपाचा नवा विमानतळ झालाय तर नेव्हीला सगळी दाबोळी मोकळी मिळणार का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मित्र बराचसा बरोबर आहे, पण गोष्ट तिथे संपत नाही. १९५०च्या दशकात भारताने गोव्याची नाकेबंदी केली, रस्ते-रेल्वे बंद, मग पोर्तुगीजांना बाहेर पडायला हवाई मार्गच उरला, म्हणून १९५५च्या सुमारास दाबोळीच्या पठारावर धावपट्टी केली आणि गव्हर्नर बेनार्द गेदिश यांचं नाव दिलं. पोर्तुगीजांची इथे स्वतःची विमान कंपनी होती, टाइप (TAIP) नावाची, भारतावरून उडायची सोय नाही म्हणून कराचीमार्गे वगैरे जायची. म्हणजे प्रवासी विमानतळ खराच, पण काढला राजकीय गरजेपोटी, हेही लक्षात घ्या.

मग १८ डिसेंबर १९६१, गोवा मुक्तीची लष्करी कारवाई. सकाळी पुण्याहून, म्हणजे आपल्या लोहगावहून, हवाई दलाचे कॅनबेरा बॉम्बर निघाले आणि दाबोळीची धावपट्टी फोडली. टर्मिनलला हात लावायचा नाही असा हुकूम होता, कारण विमानतळ नंतर आपल्यालाच वापरायचा होता (हे मला फार आवडतं). तरी पोर्तुगीजांनी रात्रीत धावपट्टी जेमतेम बुजवली आणि अधिकाऱ्यांच्या बायकामुलांना घेऊन दोन विमानं कराचीला निसटली.

१९६२ मध्ये ताबा नेव्हीकडे गेला. आयएनएस हंसा हा नेव्हीचा हवाई तळ मुळात १९६१ मध्ये कोइमतूरजवळ सुरू झाला होता, तो १९६४ मध्ये दाबोळीला आला. तेव्हापासून सिव्हिल विमानं हे इथले भाडेकरू, सकाळच्या वेळी नेव्हीचं फ्लाइंग असतं म्हणून प्रवासी विमानांचे स्लॉट, म्हणजे उडायच्या-उतरायच्या ठरलेल्या वेळा, अडतात, यावरून गोव्यात वर्षानुवर्षं ओरड आहे आणि ती काही अगदीच चुकीची नाही हो, पर्यटनावर जगणारं राज्य आहे शेवटी.

पण नेव्हीला ही जागा सोडता का येत नाही ते बघा. विमानवाहू जहाजावर छोट्याशा डेकवरून उडायचं आणि उतरायचं, त्याचा सराव डायरेक्ट समुद्रात करून चालत नाही. म्हणून हंसामध्ये जमिनीवरच जहाजाच्या डेकची नक्कल केली आहे, टोकाला वर वळलेला रॅम्प म्हणजे स्की-जंप, आणि उतरताना विमानाच्या शेपटीखालचा हुक जाड तारेत अडकतो आणि विमान झटक्यात थांबतं. जहाजावरून उडणाऱ्या मिग-२९के लढाऊ विमानांचे पायलट इथे तयार होतात, आपल्या नेव्हल तेजसने सप्टेंबर २०१९ मध्ये तार धरून पहिलं लँडिंग केलं तेही इथेच. नेव्हीची जुनी लढाऊ विमानं, सी हॅरियर, १९८३ पासून इथे होती, मे २०१६ मध्ये त्यांना निरोपही इथूनच दिला. शिवाय पी-८आय ही पाणबुड्या शोधणारी लांब पल्ल्याची विमानं आहेत, अरबी समुद्रावर नजर ठेवायला. एवढं सगळं उचलून न्यायचं कुठे?

मोपा डिसेंबर २०२२ मध्ये उघडलं, जानेवारी २०२३ पासून विमानं सुरू झाली. काही कंपन्या तिकडे गेल्या हे खरं, दाबोळी ओस पडेल ही दक्षिण गोव्यातल्या हॉटेलवाल्यांची, टॅक्सीवाल्यांची भीतीही खरी, पण दाबोळीचं सिव्हिल टर्मिनल चालूच राहणार असं सरकार सांगत आलंय. माझ्या मते भाडेकरू कमी झाले की नेव्हीला थोडी मोकळीक मिळेल, घर रिकामं वगैरे होणार नाही.

गोव्याला जाणार असाल तर बोगमाळोचं नेव्हीचं विमान म्युझियम बघाच, दाबोळीहून अगदी जवळ आहे, मोठ्ठं सुपर कॉन्स्टेलेशन हे जुनं विमान बाहेर उभं आहे. आणि दाबोळीला उतरल्यावर ॲप्रनवर, म्हणजे विमानं उभी राहतात तिथे, मोबाइल काढून फोटो मारत बसू नका, डिफेन्सचा विमानतळ आहे, मनाई आहे.